शून्य नंबरचा बॅज

तिला घार म्हणायचे ते काही उगाच नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा अडखळला तरी तिला खोलीच्या या टोकावरून कळायचं, आणि कुणी हातमोज्याची बोटं उलटसुलट घातली की ती अशी झडप घालायची की त्या माणसाला वाटावं, आपण जन्मालाच चुकीच्या घरात आलो. कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयाच्या नळीत तार सरकवून अडलेली वाट मोकळी करतात त्या खोलीत, तिने एकोणीस वर्षं काढली होती. मोठे डॉक्टर नुसता तळहात पसरायचे, नजर पडद्यावरच. हवी ती तार, केसाएवढी बारीक, टोकाला हवा तो बाक दिलेली, त्या तळहातावर पडलेली असायची. तोंडातून शब्द काढायची गरज नाही. या एका गोष्टीवर घार जगत होती. बाकी नवरा, फ्लॅट, गॅस सिलेंडर वगैरे सगळं होतं, पण ते चारचौघींसारखं.

तिथेच तिची धाकटी बहीण होती. सख्खी, बारा वर्षांनी लहान. घारीनेच तिला कोर्स करायला लावून तिथे चिकटवली होती. धाकटीची बोटं सुरेख चालायची आणि जीभ त्याहून सुरेख. "घरात एक शहाणी पुरे होती," ती सगळ्यांना सांगायची, "पण आईला वाटलं, हिला ओरडायला कुणीतरी हवं ना!"

तार दिसावी म्हणून क्ष-किरणं चालू ठेवावी लागतात. तेवढा वेळ ती पेशंटच्या अंगावर आपटून खोलीभर उडतात, फोडणीतली मोहरी उडते तशी, फक्त चटका बसत नाही. बसला असता तर बरं झालं असतं. अंगावर शिशाचा जाड एप्रन, गळ्याला शिशाचा पट्टा. डोळे मात्र आईने दिले तसे उघडे. शिशाच्या काचेचे चष्मे होते, माणसं पाच आणि चष्मे दोन, त्यातल्या एकाची काडी चिकटपट्टीने धरलेली. छतावरून खाली ओढायची एक शिशाची काचही होती. ती मोठ्या डॉक्टरांना आवडायची नाही. "आड येते," म्हणायचे, आणि कोपराने ढकलून द्यायचे.

मग नियम आला. डोळ्यातल्या भिंगाला वर्षात दीडशे चालतं असं इतकी वर्षं मानत होते, ते आता सरासरी वीस. कशाचे वीस, ते मास्तरांनी तीनदा समजावलं. मास्तर म्हणजे हॉस्पिटलचे किरणसुरक्षा अधिकारी, बोलायला लागले की खडू शोधायचे म्हणून मास्तर. त्यांनी प्रत्येकाला कपाळावर बांधायची एक पट्टी दिली, आणि पट्टीवर डाव्या डोळ्याजवळ चपटा बॅज.

"खाणीत उतरायचंय का?" धाकटीने आरशात बघून विचारलं. "दिवा कुठाय?"

"दिवा विझू नये म्हणूनच आहे हे, बाई," मास्तर म्हणाले, आणि कुणीच हसलं नाही म्हणून स्वतःच थोडे हसले.

बॅज वाटायचे, तीन महिन्यांनी गोळा करायचे, तपासायला बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवायचे. हे काम अर्थातच घारीकडे. बॅज पाच माणसांचे पाच, आणि वर एक सहावा. त्यावर नाव नव्हतं, नुसतं शून्य.

"हा कुणाचा?"

"कुणाचाच नाही," मास्तर म्हणाले. "हा ऑफिसच्या कपाटात ठेवायचा, किरणांपासून लांब. हवेतून, भिंतींतून थोडं थोडं सगळ्यांनाच लागत असतं. ते किती, हे हा सांगतो. याच्यावर जितकं चढेल तितकं प्रयोगशाळा तुमच्या प्रत्येकाच्या आकड्यातून वजा करते. म्हणजे उरतं ते फक्त कामाचं."

घारीने मान हलवली. तिच्या डोक्यात एकदा गेलेली गोष्ट बाहेर यायची नाही.

पहिल्या तीन महिन्यांचा कागद आला. मोठे डॉक्टर तेरा, घार नऊ, धाकटी आठ. मास्तरांनी कागद टेबलावर ठेवला आणि आवाज खाली आणला. "या चालीने डॉक्टर पाचव्या महिन्यात खोलीबाहेर. तुम्ही सातव्या. धाकट्या बाई आठव्या. नियमच आहे. नाहीतर चष्मे घाला, काच ओढा. नवे चष्मे, नवी काच मी मागवतोय."

"आणि खोलीबाहेर म्हणजे कुठे?"

"नोंदणीच्या खिडकीवर जागा आहे."

नोंदणीची खिडकी! नाव, वय, पत्ता, पुढचा!

मोठ्या डॉक्टरांनी ऐकलं आणि हातमोजे ताडकन काढून बादलीत टाकले. "काच ओढून मी काम करणार नाही. आणि तू गेलीस तर या गाढवांच्या हातून तारा घेऊ? मेलेलं माणूस उठून म्हणेल, डॉक्टर, चुकीची तार." मग दारातून मागे वळून म्हणाले, "बघ काहीतरी. तुझ्याकडेच असतात ना ते बिल्ले?"

बॅज काढून खिशात ठेवणं घारीला कमीपणाचं वाटायचं. शिवाय मास्तर अवचित दार उघडून कपाळं मोजायचे. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कपाटातून फाईल काढताना तिला तो शून्य नंबर दिसला. कुणाचाच नसलेला, कुणी न मोजणारा. ती दोन मिनिटं त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने तो मुठीत घेतला, कॅथलॅबमध्ये नेला आणि टेबलाखाली, पेशंटच्या पायाकडे वायर अडकवायचा एक हुक होता तिथे टांगून ठेवला. निळी चादर खाली सोडली की दिसायचाही नाही.

बस. एवढंच. कुणाच्या बॅजला हात लावला नाही, कुणाचं नाव खोडलं नाही. प्रत्येकाच्या कपाळावर चढत राहिलं, शून्य नंबरवरही चढत राहिलं, आणि प्रयोगशाळेने इमानेइतबारे एकातून दुसरं वजा केलं.

पुढचा कागद आला. डॉक्टर दोन, घार शून्य, धाकटी शून्य.

मास्तरांनी कागद उजेडाला धरून बघितला, जणू मागे काही लिहिलं असावं. "काच ओढताय वाटतं?"

"ओढतोय ना," डॉक्टर म्हणाले.

घारीला हळूहळू हातच बसला. पोळीचं पीठ भिजवणारीला पाणी मोजावं लागत नाही तसं. केसेस जास्त झाल्या की बॅज हुकावर, कमी झाल्या की चार दिवस परत कपाटात, म्हणजे आकडे अगदीच भुईसपाट दिसायला नकोत. प्रयोगशाळेकडून एकदा पत्र आलं: आपला शून्य नंबरचा बॅज फार चढलेला दिसतो, कुठे ठेवता? घारीने सुवाच्य अक्षरात उत्तर पाठवलं: ऑफिसची भिंत जुन्या काळ्या दगडाची आहे. पुन्हा पत्र आलं नाही.

सगळ्यांचं भलं झालं. हॉस्पिटलला सर्वांत सुरक्षित विभाग म्हणून मानपत्र मिळालं, ते काचेच्या चौकटीत दाराशी लागलं. मास्तरांनी मागवलेल्या नव्या चष्म्यांची फाईल व्यवस्थापनाने परत पाठवली, वर शेरा: आकडे पाहता आवश्यकता दिसत नाही. आणि आकडे इतके छान आहेत तर रोज सहा केसेस का, दहा का नकोत, असं कुणाच्या तरी मनात आलं. दहा झाल्या.

दहा केसेस म्हणजे घारीला टेबलाशी उभं राहायला वेळ कुठला? पेशंट आणा, सामान मोजा, कागद भरा. मग डॉक्टरांच्या शेजारी, मशीनच्या अगदी तोंडाशी, रोज धाकटी.

"ताई, दोन दिवस तू उभी राहा की. पाठीचा पार पिळा झालाय."

"तुझे पाय तरुण आहेत."

"पायांचं नाही म्हणत मी. संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं."

"मोबाईल कमी बघ. कागदावर शून्य आहेस तू, शून्य!" घार फाडकन म्हणाली.

आणि गंमत अशी की ती खोटं बोलत नव्हती. दर तीन महिन्यांनी तोच कागद बघून बघून, स्वतःच पेरलेलं गवत तिला आता रान वाटू लागलं होतं. चादरीखालचा बॅज हुकावर टांगताना तिचा हात आपोआप चालायचा आणि डोकं दुसरीकडे असायचं.

अशी दोन वर्षं गेली. मग एके दिवशी धाकटीने तार चुकीची दिली.

डॉक्टरांनी ती न बघताच जमिनीवर फेकली. "डोळे फुटलेत का?"

"सॉरी सर."

त्या आठवड्यात ती आणखी तीनदा चुकली. घारीने तिला कपडे बदलायच्या खोलीत गाठलं आणि भिंतीला लावून झाडली. "एकवीस वर्षांत माझ्याकडून एकदा नाही झालं हे! लोक म्हणतात हिची बहीण आहे म्हणून ठेवलीय. लाज आण जरा. दोऱ्याला गाठ मारता येत नाही आणि निघाली हृदय जोडायला!"

धाकटी एरवी उलट दोन देऊन मोकळी व्हायची. त्या दिवशी बाकावर बसली. "ताई, दिव्याकडे बघितलं ना, की सगळं दुधात बुडतं. पडद्यावर तार दिसते. हातातली दिसत नाही."

घारीला चादरीखालचा तो बॅज आठवला. पण तिने काय केलं? तिने ते झाकलं. झाकण्यात ती आता पटाईत होती. दुसऱ्या दिवसापासून तिने धाकटीला मागे, दाराशी काढलं, औषधं हातात द्यायला, आणि स्वतः मशीनच्या तोंडाशी उभी राहिली. दहाच्या दहा केसेस. पुरतं एक वर्ष. पाय सुजायचे, पण तिने हूं केलं नाही. तेवढं तरी मी बहिणीसाठी करतेय, असं म्हणून ती रात्री शांत झोपायची. टांगायचा बॅज मात्र टांगायचीच. नाहीतर तीच बाहेर गेली असती, आणि मग धाकटीला झाकणार कोण?

वर्षाने धाकटी दारही चुकायला लागली तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेली. बाईंनी बाहुली मोठी करायचे थेंब घातले, दिवा मारला आणि बराच वेळ बघितलं. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. भिंगाच्या मागच्या बाजूला. बत्तिसाव्या वर्षी! साखर आहे? दम्याच्या गोळ्या वगैरे?"

"काही नाही."

"काम काय करता?"

धाकटीने सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग हॉस्पिटलच्या समितीकडे अर्ज करा. कामामुळे झालं असं ठरलं तर तुम्हाला काढता येणार नाही, दुसरं बसायचं काम द्यावं लागेल. नाही ठरलं, तर स्वतःच्या आजाराने अपात्र."

ऑपरेशनने डोळे बरेचसे उघडतात, पण केसाएवढ्या तारेचं काम पुन्हा जमेल याची खात्री कुणीच देईना. तेव्हा सगळं त्या अर्जावर येऊन ठेपलं. धाकटीने अर्ज घारीकडूनच लिहून घेतला. शेवटी म्हणाली, "आणि सोबत आकडे जोड. तीन वर्षांचे तूच ठेवलेस, म्हणजे नखाएवढी चूक नसणार त्यात."

घारीने बारा कागद जोडले. बाराव्यांदा टाचणी स्वतःच्या बोटात गेली.

समितीचं उत्तर आठ दिवसांत आलं. नोंदींनुसार डोळ्यांना पोचलेले किरण नगण्य. आजार वैयक्तिक. नाराज असल्यास पंधरा दिवसांत प्रत्यक्ष येऊन म्हणणं मांडावं.

"नगण्य," धाकटी म्हणाली. "ताई, मग हे आलं कुठून? आकाशातून?"

घार मोठ्या डॉक्टरांकडे गेली. ते केबिनमध्ये सफरचंद चिरत होते. तिने दार लावलं, उभ्यानेच सगळं सांगितलं. ते चिरत राहिले.

"टेबलाखाली ना? पायाकडच्या हुकावर. मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या महिन्यापासून. तुला काय वाटलं, चादर कायम बरोबर त्याच जागी कशी पडायची? तू विसरायचीस तेव्हा मी सोडायचो." त्यांनी एक फोड तोंडात टाकली. "मी तुला फक्त म्हटलं होतं, बघ काहीतरी. तू बघितलंस. हुशार बाई आहेस. आता हुशारीने गप्प बस. बोललीस तर तू जाशील. बहिणीला काय मिळेल?"

"खरे आकडे मिळतील. वजा केलेलं पुन्हा मिळवायचं, झालं."

डॉक्टर पहिल्यांदाच तिच्याकडे बघून हसले. "मिळव की मग."

समितीसमोर घार उभी राहिली ती खरंच घारीसारखी, मान ताठ. लांब टेबल, पलीकडे तीन माणसं, कडेला मास्तर. धाकटी काळा चष्मा लावून खुर्चीत. घारीने एका दमात सांगितलं: हुक, चादर, काळा दगड, सगळं. मास्तरांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत उतरत कॉलरपर्यंत गेला. धाकटीने मान वळवली नाही.

"प्रयोगशाळेकडे मूळ आकडे असतील," घार शेवटी म्हणाली. "शून्य नंबरवर किती चढलं ते प्रत्येकाला परत मिळवा. माझी बहीण दोन वर्षं मशीनच्या तोंडाशी होती. मी उभी केली होती तिला."

अध्यक्षांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर फोन घेऊन बाहेर गेले. अर्ध्या तासाने ते एक कागद घेऊन आले आणि खाली न बसताच बोलायला लागले. "वजाबाकी झालेले आकडे ते कायम ठेवतात. मूळ आकडे फक्त एक वर्ष. त्याच्या आधीचे पुसून टाकतात."

"मग एक वर्षाचे सांगा."

मास्तरांनी घसा खाकरला. "मोठे डॉक्टर, एकसष्ट. या बाई," त्यांनी घारीकडे बोट केलं, "सेहेचाळीस. धाकट्या बाई..." त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, जणू जवळून वाचल्यावर बदलेल. "चार."

"चार?"

"चार. त्या मागे, दाराशी उभ्या होत्या ना वर्षभर."

"मी काढलं होतं तिला मागे!" घार किंचाळली. "तिला दिसत नव्हतं म्हणून! दोष आधीच आला होता. मीच तिच्या जागी..."

"म्हणजे," अध्यक्ष सावकाश म्हणाले, तोंडात प्रत्येक शब्द चाखत, "सुरुवातीच्या तीन महिन्यांचे आठ सोडले, तर जो खरा आकडा आपल्याकडे आहे तो चार आहे. आणि बाकी दोन वर्षांबद्दल आपल्याकडे आहे फक्त तुमचा शब्द. तीन वर्षं खोट्या नोंदी ठेवणाऱ्या बाईंचा." त्यांनी फाईल मिटली. "आणखी काही?"

आणखी काय असणार! घारीला त्याच दिवशी घरी पाठवलं. धाकटीला महिन्याअखेर, वैयक्तिक आजार, शुभेच्छांसह. डॉक्टर एकसष्टमुळे टेबलापासून दूर झाले आणि डोळ्यांच्या सुरक्षेसाठी नेमलेल्या नव्या कमिटीचे प्रमुख झाले. गावोगाव व्याख्यानं द्यायचे. नवे चष्मे आले, माणसं पाच आणि चष्मे सहा. छतावरची काच नवी आली, इतकी स्वच्छ की आड येतेय हे कळूसुद्धा नये.

नियम मात्र नियम. वर्षात सेहेचाळीस गेलेल्या माणसाचे डोळे तपासलेच पाहिजेत, मग त्याला काढलेलं का असेना. घारीला पत्र आलं. त्याच डॉक्टरीणबाईंनी तेच थेंब घातले, तोच दिवा मारला. घार हनुवटी टेकून बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने मनात म्हटलं, येऊ दे. काहीतरी येऊ दे. थोडंसं दूध, एखादा ठिपका.

"कमाल आहे," बाई मागे सरकत म्हणाल्या. "तेवीस वर्षं त्या खोलीत? डाग म्हणून नाही. काहींना होतं, काहींना नाही. नशीब काढलंत!"

ती घरी आली तेव्हा धाकटी ओट्याशी बसून शेंगा सोलत होती. ऑपरेशन एका डोळ्याचं झालं होतं. दुसऱ्याची तारीख यायची होती. बारीक अक्षर अजून तिच्यापुढे मुंग्यांसारखं पसरायचं. पगार थांबल्यापासून ती घारीकडेच राहायला आली होती, पण समितीच्या दिवसापासून घारीशी कामापुरतंच बोलायची. मीठ दे. दार लाव.

"काय सांगितलं?" तिने विचारलं.

"काही नाही. कागद दिलाय."

"वाच ना."

घारीने कागद उघडला. तिला सहज काहीतरी बनवता आलं असतं. सुरुवात झाली आहे, लक्ष ठेवावं लागेल, असं. धाकटीला बरं वाटलं असतं. कोण पडताळून बघणार होतं? तोंडापर्यंत आलेलं ते वाक्य तिने गिळलं.

"उजवा डोळा, सहाला सहा," तिने वाचलं. "डावा डोळा, सहाला सहा. दोन्ही भिंगं पूर्णपणे स्वच्छ. दृष्टी उत्कृष्ट."

धाकटीने शेंग मोडली. दाणे बोटांनी चाचपून वाटीत टाकले, टरफल बाजूला केलं.

"खाली सही असेल ना," ती म्हणाली. "सहीच्या खाली अगदी बारीक अक्षरात छापलेलं असतं काहीतरी. तेही वाच. तुला दिसेल."